तीन नंबरचं पिंप

परवा मुलुंडच्या बाजारात लोणच्याच्या कैऱ्या दिसल्या. हिरव्या, कडक, देठाशी चीक वाळलेला. एक उचलून नाकाशी धरली तर भाजीवाली म्हणाली, "काका, वास घेऊन काय कळणार? फोड देते, चाखा." तिला काय सांगणार, की मी एकतीस वर्षं वास घेण्याचीच नोकरी केली. पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होतो. यंत्रं पुष्कळ होती, पण वासाच्या रकान्यासाठी माणसाचंच नाक लागायचं. बाटली हलवायची, बूच काढायचं, हुंगायचं आणि लिहायचं : वास नाही. ज्या दिवशी याहून काही जास्त लिहिण्यासारखं सापडे, तो दिवस शहराच्या दृष्टीनं वाईट. आपल्या कामात काहीही न सापडल्याच्या समाधानात निवृत्त होणारी माणसं थोडी असतात. मी त्यातला.

कैरीचा वास मात्र मला उचलून थेट गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात घेऊन गेला. अंधेरी पूर्वेला कारखान्यांच्या एका जुन्या वसाहतीत तळमजल्याचा गाळा. एका बाजूला शर्टाची बटणं करणारे, दुसऱ्या बाजूला खारी-टोस्टची भट्टी. त्यामुळे सकाळी दहाला तिथं तापलेलं प्लास्टिक आणि तूप यांचा मिळून एक वास असे, आणि शटर वर केलं की त्यात उकडलेल्या धान्याचा, ओल्या पोत्यासारखा तिसरा वास मिसळे. गाळ्याच्या मागच्या भागात, थंडगार खोलीत, चार लाकडी पिंपं ओळीनं आडवी निजलेली असत.

हा बिअरचा कारखाना होता. मालक घाटकोपरचे भाविनभाई. बिअर बनवणारी माझी भाची मृणाल, म्हणजे थोरल्या बहिणीची, नलूताईची एकुलती एक मुलगी. आधी ती औषधांच्या कंपनीत जंतूंवर काम करायची. ते सोडून ती यीस्टवर आली. तिच्या मते हा फरक फक्त जंतूंच्या स्वभावाचा आहे. नलूताई इमारतीत सांगायची, "फॅक्टरीत केमिस्ट आहे." कुठल्या फॅक्टरीत ते कोणी विचारलं, की ती विचारणाऱ्याच्या सुनेची चौकशी करायची.

मृणालच्या डोक्यात एक गोष्ट बरीच वर्षं घोळत होती. नाशिककडच्या वायनरीत रेड वाईन ज्या ओकच्या पिंपांत मुरवतात, ती काही वर्षांनी कामातून जातात. अशा पिंपात बिअर भरून दोन-तीन महिने ठेवली, की लाकडात राहिलेली वाईन हळूहळू बिअरमध्ये उतरते. भाविनभाईंनी चार पिंपांपुरती परवानगी दिली. बिअर जमली तर मागची सगळी खोली पिंपांची आणि खोली मृणालची. नाही जमली तर त्या जागेत बाटल्यांचे खोके. तिला हैदराबादच्या एका कंपनीनं जुन्याच कामासाठी बोलावलं होतं, त्यांनी उत्तरासाठी जूनअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. पिंपं फसली तर ती जाणार, हे तिनं आम्हा दोघांना स्पष्ट सांगितलं होतं. नलूताई दर आठवड्याला फोनवर मला सांगायची, "हैदराबादचं पाणी फार जड असतं म्हणे. तू पाण्याच्या खात्यात होतास, तुला माहीत असेल." मला माहीत नव्हतं. पण मी हो म्हणायचो.

पिंपं आली त्या दिवशी मी तिथं होतो. रिकाम्या माणसाला पाहण्यासारखं काही येणार असलं की तो मुलुंडहून अंधेरीलाही वेळेवर पोचतो. मृणाल रबरी बुचं आणायला बाहेर गेली होती. तीन पिंपं टेम्पोवाल्यांनी आत नेली होती, चौथं शटरपाशी उन्हात राहिलं होतं. नलूताई डबा घेऊन आली. आधी तिनं पिंपाला हळदकुंकू वाहिलं.

"ताई, दारूला हळदकुंकू?"

"दारूला नाही रे, पिंपाला. पोरीच्या घरी वस्तू आलीय."

मग ती वाकून पिंपाच्या तोंडाशी नाक नेऊन उभी राहिली आणि तिचा चेहरा बदलला. "वश्या, हे आंबलंय. बघ, आंबूस मारतंय. बाकीची तीन चांगली काढून हे गळ्यात मारलंन मेल्यांनी."

मीही वास घेतला. माझ्या नाकानं एकतीस वर्षांच्या सवयीनं निकाल दिला : पिण्यास अयोग्य.

पुढचं सगळं अर्ध्या तासात उरकलं. गाळ्यातल्या नळाला आयतं गरम पाणी येतं याचं नलूताईला फार कौतुक होतं. मी आणि वॉचमन पांडेजींनी पिंप घुसळून घुसळून सात-आठ पाण्यांनी धुतलं. पहिलं पाणी जांभळं आलं, शेवटचं स्वच्छ. तासभर ऊन दाखवावं असं ताईचं मत होतं, पण मृणाल यायच्या आत तिला चकित करायचं होतं. मग तिनं पर्समधून हिंगाची डबी काढली. तिला गॅसचा त्रास आहे, डबी कायम जवळ असते. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून पांडेजींनी दोन निखारे आणले. विटांवर पिंप ठेवून तोंड खाली केलं, खाली पणतीत निखारा, निखाऱ्यावर चिमूटभर हिंग. मग आणखी चिमूटभर. लोणच्याच्या बरणीला देतात तशी रीतसर धुरी.

"बरणीला एवढी लागते," ती म्हणाली, "मग याला किती लागेल?"

मी मनात गुणाकार केला आणि तिला आकडाही सांगितला. माझ्या शिक्षणाचा त्या दिवशी हा एवढाच उपयोग झाला. "मेल्या, नीट धर," ती ओरडत होती आणि मी नीट धरत होतो.

ताई समाधानानं घरी गेली. मृणाल आली, खुशीत होती. पांडेजींनी ते चौथं पिंप तिसऱ्या जागेवर सरकवून ठेवलं होतं. तिनं खडूनं चौघांवर नंबर टाकले आणि मला बजावलं, "मामा, एक लक्षात ठेव हं. यांना मी सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा लावायचं नाही. आत लाकडात जी वाईन मुरलीय ना, त्यासाठीच तर आणली ही. ती धुतली तर मग प्लास्टिकचा ड्रम काय वाईट?"

मी तीन नंबरकडे पाहिलं. मग पंख्याकडे पाहिलं. "बरोबर आहे," म्हणालो.

हा त्या उन्हाळ्याचा माझा गुन्हा. सांगून टाकलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं. पण सांगायचं म्हणजे ताईचं नाव घ्यायचं. आणि जिला मुलगी जाऊ नये असं इतकं वाटतं, तिच्याच हातून मुलीच्या जायची सोय झाली, हे तिच्या कानावर जायला नको होतं. असं मी स्वतःला सांगितलं. घाबरलो होतो हेही तितकंच खरं.

एप्रिलभर आणि मेभर, दर दुसऱ्या रविवारी दुपारी, मृणाल मला चवीला बोलवायची. घाटकोपरला मेट्रोत बसलं की खिडकीतून ताडपत्र्यांची निळी छपरं, पाण्याच्या टाक्या, गच्चीवर वाळत घातलेले पापड-कुरडया दिसत. एवढ्या उन्हातून त्या थंड खोलीत शिरलं की आधी अंगावर काटा यायचा आणि मग वास यायचे. ओलं लाकूड, मनुका, जुन्या कपाटाचा आतला भाग. पिंपाच्या सपाट अंगाला एक बारीक भोक पाडून त्यात स्टीलचा खिळा ठोकलेला असतो. पकडीनं खिळा ओढला की सुतासारखी काळीभोर धार ग्लासात पडते, दोन घोट झाले की खिळा परत जागेवर. दोन-तीन महिन्यांच्या मुरवणीला एवढंच दार. मला तो खिळा फार आवडायचा. फारसा गाजावाजा न करता आपलं काम करणारी वस्तू होती.

गाजावाजा त्या मानानं भिंतीवर होता. तिथं मृणालनं चवींचं एक रंगीत चक्र लावलं होतं. बिअर चाखून त्यातला शब्द शोधायचा. चामडं, तंबाखू, जंगलातली ओली जमीन, घोड्याचं खोगीर.

"घोड्याचं खोगीर कोणी चाटलंय?" मी विचारलं.

"वास रे, मामा. आणि तुला काय, तुला सगळ्याचा वास 'नाही'च येतो."

मी माझेच शब्द वापरत गेलो. चारही पिंपांत एकाच टाकीतली बिअर, एकाच दिवशी भरलेली. दुसऱ्या रविवारी त्या सख्ख्या बहिणींसारख्या होत्या, चौथ्या रविवारी जावांसारख्या. एक नंबर आवळ्याकडे झुकला. दोन नंबरात आधी काळं द्राक्ष, मग चिंचेचा कोळ, मग घोट गेल्यावर बऱ्याच वेळानं थोडं तुरट, सुपारीसारखं. चार नंबर सुताराच्या दुकानात पाऊस गळावा तसा. मी बिअर पिणारा माणूस नाही, पण दोन नंबरचा ग्लास मी हळूहळू, खिडकीशी उभा राहून प्यायचो. बाहेर बटणांच्या कारखान्यातल्या, रविवारीही कामावर येणाऱ्या बायका जेवायला बसलेल्या असत, त्यांच्या डब्यांतल्या सुकटीचा वास येई, आणि तोही त्या घोटाबरोबर चांगला लागे.

तीन नंबरला मी टाळाटाळ करायचो. "ते नको उघडू आज. हवा लागेल." किंवा "माझी जीभ थकली." मृणाल माझ्याकडे बघायची, खिळा ओढायची. ग्लास जवळ आणला की आधी काहीच नाही, मग एकदम वरणाची फोडणी. मी म्हणायचो, "हं. थोडं वेगळं आहे." ती म्हणायची, "हं." आणि वहीत काहीतरी लिहायची. घरी परत जाताना मला वाटायचं, चव आज थोडी कमी आली. पुढच्या खेपेला कळायचं, नव्हती आली कमी.

लाकूड इतकं धरून ठेवतं याचा मला त्या महिन्यांत मनापासून आदर वाटू लागला. नलूताईची चाळ पाडली तेव्हा ती तीन वर्षं मरोळला भाड्याच्या खोलीत होती. तिथल्या कपाटात आधीच्या भाडेकरूंच्या उदबत्तीचा वास होता. ताईनं ते धुतलं, रंगवलं, डांबराच्या गोळ्या ठेवल्या. तीन वर्षांनी सोडून आली तेव्हा तिच्या सगळ्या साड्यांना चंदनाचा वास लागला होता. नव्या घरी आल्यावर तिला तो वास नसल्यामुळे झोप येईना. आपल्याकडे घरं सारखी पाडतात आणि बांधतात, त्यामुळे भिंतींना काही मुरवून घ्यायला फुरसत नसते. ते काम लाकडाच्या फर्निचरवर पडतं. आणि या चार पिंपांवर, ज्यांना परगावाहून आणून अंधेरीतल्या उकाड्यात आम्ही दुसरा संसार दिला होता.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भाविनभाईंनी निकालाचा दिवस ठरवला. वरळीहून एक जाणकार आले. पांढरा लिननचा शर्ट, मोज्यांशिवाय घातलेले बूट, आणि ग्लास तळाशी दोन बोटांत धरायची पद्धत. परदेशात कुठे कुठे काय काय चाखलं हे त्यांनी बसायच्या आधी सांगितलं, आणि बसल्यावर परत. भाविनभाई मात्र टेबलाच्या टोकाला लिंबूपाणी घेऊन बसले. ते स्वतः पीत नाहीत, घरात तर कांदाही चालत नाही.

"मग तुम्ही ठरवता कसं?" मी हळूच विचारलं.

"अंकल, मैं बोलने वालों को नहीं देखता," ते म्हणाले. "ग्लास कोणाचा खाली होतो ते बघतो. बाकी सब टाइमपास."

त्या क्षणी मला हा माणूस आवडला, आणि त्याच क्षणी जास्त भीती वाटली.

चार ग्लास ओळीनं आले. मृणाल हात मागे बांधून उभी होती. नोकरी सोडताना, वडील गेले तेव्हा, दहावीच्या निकालाला, ती अशीच उभी राहिली होती. जाणकारांनी एक नंबर घेतला, मान हलवली. दोन नंबर घेतला, फोनवर कोणाला तरी संदेश लिहीत तो संपवला. मग तीन नंबर. ते थांबले. डोळे मिटले.

"वेट," ते म्हणाले. "धिस इज समथिंग. जमिनीखालची चव आहे ही. ट्रफल, जमिनीत वाढणारी अळंबी. ओल्या जंगलाची माती. थोडा धूर, थोडं चामडं. व्हेरी ओल्ड वर्ल्ड. हे मुद्दाम केलंय की पिंपातून आलं?"

मृणालनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी छताकडे पाहिलं. तेवढ्यात नलूताई आतून बटाट्याच्या भज्यांची परात घेऊन आली. पाहुणे येणार म्हटल्यावर तिला घरी बसवणं शक्यच नव्हतं. परात टेबलावर ठेवताना ती जाणकारांच्या ग्लासापाशी थबकली, पदर आवरून वाकली आणि तिनं वास घेतला.

"हिंग आहे," ती म्हणाली.

जाणकारांनी डोळे उघडले.

"ट्रफल वगैरे काही नाही हो, हिंग आहे. मीच धुरी दिली होती. आंबलेलं आलं होतं पिंप, म्हणून धुऊन घेतलं. जास्त झाला वाटतं." आणि माझ्याकडे वळून, "हा म्हणाला एवढा लागेल. याला विचारायला नको होतं."

जाणकारांनी ग्लास फिरवून परत एकदा हुंगला. मग म्हणाले की हिंगाची मुळंही जमिनीखालीच असतात, तेव्हा त्या अर्थानं ते म्हणाले ते बरोबरच होतं. त्यांच्या या चपळाईला मी मनातल्या मनात गुण दिले.

नलूताईला मात्र आता मुलीचा चेहरा दिसला आणि सगळं समजलं. "मृणाल, नव्हतं का धुवायचं ते?" ती एकदम खुर्चीत बसली. "म्हणजे माझ्यामुळे गं?"

भाविनभाई उठले. टेबलाभोवती एक चक्कर मारली. चारही ग्लास पाहिले. एक नंबर अर्धा, चार नंबर थोडा उरलेला, दोन नंबर कोरडा. तीन नंबर, ज्यावर पाच मिनिटं भाषण झालं होतं, तो एक घोट सोडून तसाच भरलेला. त्यांनी तो उचलून नाकाशी नेला आणि हसले. "आंटी, हा तर आमच्या घरातला वास आहे. पण बिअरमें नहीं चलेगा." ग्लास ठेवला. "बाकीची तीन पास. खोली तुझी, मृणाल. खोके मी वरच्या मजल्यावर ठेवतो." जाता जाता त्यांनी चार भजी उचलली.

दुपारी जाणकार गेले, भाविनभाई गेले, आणि आम्ही तिघं राहिलो. तीन नंबरचं बूच काढून मृणालनं पिंप गटाराच्या जाळीकडे कलतं केलं. काळी धार वाहत राहिली आणि सगळ्या वसाहतीत आमटीची वेळ झाल्यासारखा वास पसरला. बटणांच्या कारखान्यातली एक बाई बाहेर येऊन विचारून गेली, जेवण कोणाकडे आहे.

"मृणाल," मी म्हटलं, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मीच धरलं होतं पिंप."

"मलाही होतं रे, मामा. भरायच्या आधीच वास आला. पांडेजींना विचारलं, त्यांनी निखाऱ्यांसकट सांगितलं."

"मग भरलंस कशाला?"

"नाही भरलं असतं तर एक पिंप रिकामं का, हे आईला सांगावं लागलं असतं. मग ती परत गाळ्यात आली असती का?" तिनं पिंप आणखी थोडं कलतं केलं. "म्हटलं, तीन तरी आहेत. तुझी मात्र मजा बघितली दर रविवारी. जीभ थकली म्हणे."

म्हणजे एका बाईला कळू नये म्हणून आम्ही दोघं अडीच महिने एकमेकांपासून लपवत बसलो होतो, आणि त्या बाईनं भर सभेत, हातात भज्यांची परात असताना, एका वाक्यात सांगून टाकलं. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. त्यातल्या कशातच मला इतकं साधं वागणं सापडलं नव्हतं.

नलूताई मोरीशी पाठमोरी ग्लास धूत होती. धुऊन झालेले ग्लासही परत धूत होती. मृणालनं हात पुसले आणि तिथंच उभी राहून हैदराबादला फोन लावला. दोनच मिनिटं बोलली. आभार मानले, येऊ शकत नाही म्हणाली. नळ बंद झाला होता.

"काय म्हणाले?" ताईनं न वळता विचारलं.

"कारण विचारलं."

"मग?"

"सांगितलं, आई इथं एकटी असते."

ताई वळली. हात ओले, डोळेही ओले, आणि आवाज मात्र नेहमीचा. "मी कुठे एकटी? हा येतो ना सारखा जेवायला. माझं नाव कशाला पुढे करतेस? तुला ही पिंपं सोडवत नाहीत, म्हणून नाही जात तू. सांगायला लाज वाटते होय?"

"आई, अगं..."

"लाव परत फोन. खरं काय ते सांग."

मृणालनं परत फोन लावला.